न मिळणाऱ्या भेटी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो असा की, सणासुदीला, लग्नकार्याला, बारशाला आपल्या जिव्हाळ्याच्या माणसांना काय द्यावे, आणि तेही असे की जे दुकानात गेल्याबरोबर हाती पडत नाही. मी सातवी शिकलेली बाई. मला भाषण करता येत नाही. पण देण्याघेण्यात माझी पंचवीस वर्षे गेली आहेत, आणि आपण बायका या कामात जितका पैसा व जितके डोके घालतो तितके दुसऱ्या कशात घालीत नसू. म्हणून उभी राहिले.

प्रथम आपण आपापले कपाट डोळ्यांपुढे आणावे. त्यात खालच्या कप्प्यात आहेराच्या साड्यांची एक चळत असते. त्या नेसण्यासाठी नसतात, पुढे सरकवण्यासाठी असतात. कोणी कोणाला काय दिले याची वही आपण लिहितो, आणि तितक्याच किमतीचे परत करतो. मागे माझ्या धाकट्या जावेला मी एक मोरपंखी साडी दिली होती. पिशवीच्या कोपऱ्याला दुकानदाराची निळ्या शाईची खूण होती. चार वर्षांनी भाचीच्या मुलाच्या बारशात तीच साडी, तीच पिशवी, तीच खूण माझ्या मांडीवर येऊन पडली. मधे किती घरे फिरून आली कोण जाणे. मला हसू आले, आणि जावेचा रागही आला नाही. तिच्या जागी कोणीही तेच केले असते, कारण ती साडी कोणासाठीच घेतलेली नव्हती.

संक्रांतीच्या वाणाचेही तेच झाले आहे. प्लॅस्टिकचा डबा, प्लॅस्टिकची चाळणी, प्लॅस्टिकची सोऱ्याएवढी परडी. रथसप्तमीपर्यंत घरात वीस डबे जमतात आणि होळीपर्यंत निम्म्यांची झाकणे तुटतात.

आता मिळायला कठीण म्हटले की आपल्याला मुंबई आठवते, नाहीतर परदेश. मुलगा पुण्याहून येतो तो काहीतरी चकचकीत आणतो. पण बायांनो, पुण्यामुंबईच्या लोकांना जे शोधून सापडत नाही ते आपल्या भंडारा जिल्ह्यात एस. टी.च्या तिकिटावर मिळते, आणि आपण ते घेत नाही.

पहिला मान कोशाचा. मोहाडी आणि आंधळगाव ही गावे कोशाच्या कापडासाठी पूर्वीपासून नावाजलेली आहेत. कोशाचा किडा तुतीच्या पाल्यावरचा नव्हे, तो आपल्या रानातल्या ऐनाच्या व अर्जुनाच्या झाडावर वाढतो. आपल्या पूर्वेकडच्या भागात ढिवर समाजातील कुटुंबे ही झाडे राखतात, पाखरे आणि मुंग्या हाकलीत झाडाखाली दिवस काढतात. कोसा फांदीला देठाने लोंबतो, कच्च्या सुपारीसारखा दिसतो. तो उकळून मऊ करायचा आणि चार-पाच कोशांचे तंतू एकत्र ओढून धागा काढायचा. पूर्वी हे काम बायाच करीत, आणि मांडीवर धागा वळून वळून त्यांच्या मांडीला घट्टे पडत. आता त्यासाठी यंत्रे आली आहेत व ते बरेच झाले. दुसऱ्याच्या मांडीचे कातडे सोलून आपल्या अंगावर रेशीम यावे असे मला वाटत नाही.

या कोशाची करवतकाठी साडी आपल्या विदर्भाची खरी ओळख. काठ आणि अंग यांच्या जोडावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असते म्हणून ते नाव. ती विणताना तीन धोटे लागतात, दोन दोन्ही काठांचे आणि एक मधल्या अंगाचा. प्रत्येक ओळीला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवून मागे फिरवायचा. म्हणून ती भराभर होत नाही. हिला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, म्हणजे या भागाची वस्तू म्हणून सरकारदरबारी नोंद झाली आहे. पण नोंद झाली म्हणून माग चालतो असे नाही. विणकराचा मुलगा नागपूरला कारखान्यात जातो, कारण तिथे महिन्याचा पगार ठरलेला असतो. त्याला नावे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. आपण त्याच्या बापाकडून वर्षाला एक तरी कापड घेतो काय, एवढेच आपण आपल्याला विचारावे.

खरी-खोटी कशी ओळखायची ते सांगते, कारण नकली माल पुष्कळ आहे. काठ नीट पाहावा. हातची करवतकाठी असेल तर काठाचा रंग भरीव असतो, कारण त्यात उभा व आडवा दोन्ही धागे काठाचेच असतात, अंगाचा आडवा धागा काठात शिरत नाही. यंत्रावरच्या साडीत अंगाचा आडवा धागा थेट काठापर्यंत जातो आणि काठ फिका, मिसळलेला दिसतो. पदराचा एक धागा काढून जाळून पाहावा. रेशीम जळताना केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. नायलॉनचा गोळा होतो व तो कडक राहतो. दुकानदार रागावेल. रागावू द्यावे.

साडीची किंमत हजारांत जाते, ती प्रत्येकीला झेपणार नाही हे मला माहीत आहे. पण कोशाचे उपरणे, ओढणी, पोलक्याचे कापड, सदऱ्याचे कापड हेही मिळते. पाच जणींनी मिळून एकीला एक साडी द्यावी. पाच मळखाऊ साड्यांपेक्षा ती पुरेल, आणि पुढल्या बारशात आपल्याकडे परत येणार नाही याची हमी मी घेते.

दुसरे आपले पितळ. भंडारा हे पितळी भांड्यांचे शहर म्हणून ओळखले जाते, हे आपण पाहुण्यांना सांगतो आणि चहा स्टीलच्या कपात देतो. मी जुने ते सोने म्हणणारी नाही. रोज गुंड घासताना हाताची काय दशा होते ते मला ठाऊक आहे. चिंचेने, आंबट ताकाने पितळ कळकते, त्याला आतून कल्हई हवी. कल्हईवाला तर आता शोधावा लागतो. नवसागराची पूड टाकून, तापल्या भांड्यात कथील फिरवून जो चांदीसारखा थर चढतो, तो आमच्या मुलांनी कुतूहल म्हणून पाहिला. त्यांच्या मुलांना तेवढेही पाहायला मिळेल की नाही, सांगवत नाही.

परंतु पितळेची एक गोष्ट मला फार मोठी वाटते, आणि तेवढ्यासाठी मी हा विषय घेतला असे समजा. आपल्याकडे भांड्यावर नाव घालण्याची रीत आहे. माझ्या सासूबाईंच्या सासूचा एक गडवा आमच्या घरी आहे. त्यावर ठोक्याठोक्यांनी त्यांचे नाव व साल घातलेले आहे. त्यांचे नाव ना शेताच्या कागदावर होते, ना घराच्या. शाळेत त्या गेल्याच नव्हत्या. फोटो नाही. त्या बाईचे नाव जगात लिहिलेले असेल तर ते त्या गडव्यावर. आता महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचे नाव लावणे सरकारी कागदांत बंधनकारक केले आहे. फार चांगले झाले. पण त्याआधीच्या बायांचे काय? त्यांची नावे माळ्यावरच्या पोत्यात आहेत, आणि आपण ते पोते मोडीत घालतो! कासार वजनाने घेतो, नाव वितळते. माझे सांगणे एवढेच की मोडीत घालण्यापूर्वी प्रत्येक भांडे उलटे करून वाचावे. ज्यावर आजीचे नाव असेल ते चकचकीत करून, कल्हई करवून, त्याखाली नातीचे नाव घालून तिच्या लग्नात द्यावे. ही भेट अमेरिकेतही मिळणार नाही.

तांदळाचे थोडक्यात सांगते. आपला चिन्नोर तांदूळ बारीक व वासाचा. त्यालाही भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पीक उशिरा येते, उतारा कमी येतो, धान आडवे पडते, म्हणून शेतकरी घरापुरताच लावतो. बाहेरगावच्या मैत्रिणीला दोन किलो चिन्नोर कापडी पिशवीत बांधून पाठवला तर ती भात शिजताना आपली आठवण काढील. त्यासोबत वर्धा जिल्ह्यातील वायगावची हळद, नागपूर जिल्ह्यातील भिवापूरची मिरची, आपल्या रानातली चारोळी घातली की आहेर पुरा. जपानात भेटवस्तू चौकोनी कापडात गाठ मारून देण्याचीही रीत आहे, त्याला फुरोशिकी म्हणतात. मला तर ते आपल्या शिदोरीच्या फडक्यासारखेच वाटते.

बियाणे ही एक फार उत्तम भेट आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील कोंभाळणे या गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांनी गावरान वाल, भाज्या, धान यांचे बी घरात जपले आणि दुसऱ्यांना लावायला दिले. वाणाच्या नावाखाली आपण प्लॅस्टिक वाटतो. त्याऐवजी घरच्या वालाचे, दोडक्याचे, काटेरी वांग्याचे बी कागदाच्या पुडीत घालून द्यावे. खर्च जवळजवळ नाही. पावसाळ्यात मांडवावर वेल चढला म्हणजे वाण कोणाचे ते रोज दिसते.

आणखी एक. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आपल्या झाडीबोलीतही गाणी काय कमी आहेत? माझ्या मामेसासूबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत. मी त्यांना म्हटले, तुमची लग्नातली गाणी सांगा, मी लिहून घेते. त्या म्हणाल्या, “मायी गानी कोनाले पायजेत वो बाई? टीवी लाव.” तरी मी वही घेऊन बसले. चार दुपारी बसले तेव्हा वही निम्मी भरली. ती वही मी त्यांच्या पणतीला देणार आहे. ज्यांच्या घरी अशी म्हातारी बाई आहे त्यांनी पुढच्या सणाची वाट पाहू नये.

शेवटी जे बोलायचे आहे ते काहींना रुचणार नाही, पण मंडळात नाही बोलायचे तर कुठे बोलायचे? आपण हळदीकुंकवाची यादी करतो तेव्हा काही नावे आपोआप गळतात. माझी थोरली नणंद अठरा वर्षांपूर्वी विधवा झाली. त्या आधी तिच्या हातचे तिळाचे लाडू घेऊन आम्ही वाण वाटत होतो. त्यानंतरच्या संक्रांतीला एका घरी तिला बोलावले ते स्वयंपाकघरात, लाडू वळायला. बाहेर वाण वाटले जात होते आणि तिच्या हातात काही आले नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्यास कळविले. ठराव कागदावर सोपा असतो, उंबरठ्यावर अवघड असतो, हे मी जाणते. म्हणून मी ठराव मांडीत नाही. येत्या संक्रांतीला माझ्या घरचे पहिले वाण नणंदेच्या हातात जाईल, आणि आपल्या आळीतल्या अशा सहा जणींना मी स्वतः जाऊन बोलावणे करणार आहे. ज्यांना माझ्यासोबत यायचे असेल त्यांनी यावे. ज्यांना येणे जमणार नाही त्यांच्यावर माझा राग नाही, पण त्या दिवशी माझ्या घरी कोण कोण बसले आहे हे त्यांनी आधी ऐकून ठेवावे.

आता एक व्यवहाराची सूचना. आंधळगावला विणकरांच्या घरी जाऊन कापड पाहण्याचा आमचा दहाबारा जणींचा बेत आहे. भंडाऱ्याहून तुमसरच्या गाडीने मोहाडीला उतरायचे, तिथून पुढे जवळच आहे. वाटेत मोहाडीला चौंडेश्वरीचे दर्शनही होईल. भाडे ज्याचे त्याने द्यायचे, डबा घरून आणायचा, आणि कापड घेतलेच पाहिजे अशी सक्ती नाही. नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत.