प्रौढ वयातील विद्यार्थीदशा

(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)





संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आढावा घेताना शिक्षणासाठी दिलेल्या साहाय्याचा उल्लेख आदराने होतो, आणि तो योग्यच आहे. दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार, होतकरू मुलांना शिष्यवृत्ती, वह्या-पुस्तकांचे वाटप ही आपल्या समाजाची जुनी आणि अभिमानास्पद परंपरा आहे. परंतु या परंपरेत विद्यार्थी म्हटला की डोळ्यांपुढे उभा राहतो तो पंधरा-वीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. पस्तिशी-चाळिशी ओलांडलेला, संसाराची जबाबदारी असलेला, चालत आलेला व्यवसाय सोडून नवी वाट धरण्यासाठी पुन्हा पुस्तक हाती घेणारा विद्यार्थी आपल्या यादीत कोठेच नाही. आजचे विवेचन त्याच्याविषयी, आणि तिच्याविषयीही आहे.

असा विद्यार्थी आज का निर्माण झाला, याचे उत्तर बाजारपेठेत एक फेरी मारली तरी मिळते. एके काळी दुकानाची गादी हा वारसा होता. वडिलांच्या शेजारी बसून मुलगा गज धरायला, ताका उलगडायला आणि गिऱ्हाईक ओळखायला शिके. मुनीम रोजमेळ आणि खतावणी लिही, आणि तेवढ्या विद्येवर त्याचे आयुष्य निभावून जाई. पुढे तयार कपड्यांनी कापड कापून विकण्याचा धंदा आकसला. संगणक आल्यावर लाल कापडी बांधणीच्या वह्या कपाटात गेल्या. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि ज्या लहान कापड दुकानदारांचा तोवर करनोंदणीशी फारसा संबंध आला नव्हता, त्यांच्यापैकीही अनेकांना विवरणपत्रांच्या तारखा पाठ कराव्या लागल्या. २०२० मधील टाळेबंदीने उरलीसुरली भिस्तही हलविली. ज्याच्या हातातील विद्या जुनी झाली, त्याने काय करावे? वय पंचेचाळीस, मुले शिकत आहेत, घरभाडे थांबत नाही. अशा माणसाला 'आता या वयात काय शिकणार?' असे म्हणणे सोपे आहे. परंतु त्या प्रश्नाने त्याची पुढील वीस वर्षांची उपजीविका सुटत नाही.

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासात शंभर वर्षांपूर्वीच दिले गेले आहे.

पार्वतीबाई आठवले यांचा जन्म १८७० साली कोकणातील देवरुख येथे झाला. ऐन विशीत वैधव्य आले. पदरी लहान मुलगा. त्या काळातील विधवेच्या वाट्याला येई ते स्वयंपाकघर आणि परावलंबित्व. त्यांच्या थोरल्या भगिनी गोदूबाई यांनी मात्र वेगळी वाट धरली होती. त्याही विधवा होत्या. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत काढलेल्या शारदा सदनात त्यांनी विशी उलटल्यावर शिक्षण घेतले, आणि १८९३ साली त्यांचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. या बहिणीच्या आणि कर्वे यांच्या प्रोत्साहनाने पार्वतीबाईंनी सव्विसाव्या वर्षाच्या सुमारास अभ्यासाला आरंभ केला. ज्या वयात इतर स्त्रिया मुलांना पाटीवर अक्षरे गिरवायला बसवीत, त्या वयात त्या स्वतः शिकायला बसल्या. पुढे कर्वे यांच्या अनाथ बालिकाश्रमाच्या कार्यात त्यांनी स्वतःला वाहून घेतले. आश्रमासाठी गावोगाव हिंडून, सभांतून बोलून निधी जमविला. एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. इंग्रजी आल्यावाचून कार्याचा विस्तार होणार नाही, हे ध्यानी येताच १९१८ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेस गेल्या. तेथे परक्या घरी घरकाम करून त्यांनी पोट भरले आणि भाषा शिकली. १९२८ साली प्रसिद्ध झालेल्या 'माझी कहाणी' या आत्मचरित्रात त्यांनी हा प्रवास सांगितला आहे.

पार्वतीबाईंपुढील सर्वांत मोठा अडसर कोणता होता? बुद्धीचा नव्हे. लाजेचा होता. आपल्यापेक्षा लहानांच्या पंक्तीस बसून चुकणे, लोकांचे हसू सोसणे, हे प्रौढ माणसाला फार जड जाते. दुकानात ज्याचा शब्द चालतो, त्याला वर्गात पंचवीस वर्षांच्या शिक्षकापुढे 'समजले नाही' म्हणताना घशात आवंढा येतो. ही लाज ज्याने जिंकली, त्याचा अर्धा अभ्यास झाला.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. १९१८ साली मुंबईच्या सिडनेहॅम महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले. पगाराची नोकरी होती, संसार होता. तेथेच थांबले असते तर कोणी दोष दिला नसता. परंतु पगारातून शिल्लक टाकून, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या आधारे १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२२ साली ते बॅरिस्टर झाले, १९२३ साली लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळवली, आणि मायदेशी येऊन वकिली सुरू केली. या वृत्तांतात विश्वस्तांनी लक्षात घ्यावी अशी एक गोष्ट आहे. इतक्या असामान्य बुद्धीच्या पुरुषालाही दुसऱ्या वेळच्या शिक्षणासाठी शिल्लक, साहाय्य आणि कर्ज या तिन्हींची जुळवणी करावी लागली. पैशाची सोय झाली नाही तर केवळ जिद्द पुरत नाही.

आपल्या समाजातही असे उदाहरण आहे. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांच्या कन्या मगनबाई यांना तरुणपणीच वैधव्य आले. वडिलांनी त्यांना घरात कोंडून न ठेवता शिकविले, आणि त्यांनी पुढे श्राविकांच्या शिक्षणाचे मोठे कार्य उभे केले. वडिलांचे दान मोठे होतेच. परंतु कन्येच्या पाठीशी घर उभे राहिले, ते दान कोणत्याही पावतीवर लिहिलेले नाही.

आता व्यवहाराकडे वळू. व्यापारी समाजाला जमाखर्च मांडल्यावाचून निर्णय घेणे रुचत नाही, आणि शिक्षणाचाही जमाखर्च मांडलाच पाहिजे. प्रौढ माणसाच्या शिक्षणात फी हा लहान खर्च असतो. शिकण्याच्या काळात बुडणारी कमाई हा मोठा खर्च असतो. तो वहीत न लिहिल्यामुळे अनेकांचे अंदाज चुकतात आणि अभ्यास मध्येच सुटतो. म्हणून कमाई चालू ठेवून शिकता येईल काय, हे आधी पाहावे. दुसरी चूक याच्या उलट आहे. 'या धंद्यात वीस वर्षे घातली, आता कसा सोडू?' असे म्हणत माणूस तोट्यातील दुकान ओढत राहतो. जे येणे बुडाले ते बुडीत खाती टाकावे, हे आपण गिऱ्हाइकांच्या बाबतीत जाणतो. गेलेल्या वर्षांच्या बाबतीतही तोच न्याय लावावा. निर्णय पुढील वर्षांकडे पाहून करावयाचा असतो. शिवाय ती वर्षे सर्वस्वी वाया जात नाहीत. माणसे ओळखणे, उधारी सांभाळणे, शब्द पाळणे, हा माल नव्या व्यवसायातही खपतो.

सोयी आज पुष्कळ आहेत. दहावी-बारावी राहिली असेल तर राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या परीक्षेस बसता येते. १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयात, ज्याला आता राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था म्हणतात, वयाची वरची मर्यादा नाही. नोंदणी पाच वर्षे चालते आणि एकेक विषय सोडवीत पुढे जाता येते. पदवीसाठी १९८५ सालचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकला स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. मात्र सावधगिरीही हवी. वकिली, वैद्यक किंवा परिचर्या ही शिक्षणे घरबसल्या होत नाहीत. त्यांसाठी प्रत्यक्ष हजेरी लागते. काही अभ्यासक्रमांना वयाची अटही असते. घरपोच पदवीची जाहिरात करणाऱ्या कोणाही संस्थेस पैसे देण्यापूर्वी तिला विद्यापीठ अनुदान आयोगाची दूरशिक्षणासाठी मान्यता आहे काय, हे पाहून घ्यावे. आणि ज्या व्यवसायासाठी शिकावयाचे, त्यात आज काम करणाऱ्या दोघा-तिघांना भेटून कामाचे स्वरूप व मिळकत विचारावी. माल भरण्यापूर्वी पेठेची चौकशी करतो, तशीच ही चौकशी.

घरातील वातावरणाविषयी एक शब्द. परीक्षेच्या दिवसांत मुलासाठी दूरदर्शन संच बंद होतो, पाहुणे येत नाहीत, दूध-बदाम हाती दिले जातात. परंतु घरातील सून बी.एड.च्या परीक्षेस बसली तर सणाचा स्वयंपाक, नणंदेचे येणे आणि दुकानातील हिशेब यांपैकी काहीही थांबत नाही. मग ती नापास झाली की 'सांगितले होते' हे शब्द तयारच असतात. रोज दोन तास आणि एक शांत कोपरा, एवढे जरी घराने दिले तरी ती मोठी शिष्यवृत्ती ठरेल.

स्थानकात किंवा मंदिरात सत्तरीचे श्रावक हाती ग्रंथ घेऊन स्वाध्यायाला बसतात, तेव्हा त्यांचे वय कोणी विचारत नाही. उलट त्यांच्याविषयी आदर वाढतो. आत्मकल्याणासाठी शिकण्यास वय नसेल, तर कुटुंबाच्या प्रामाणिक चरितार्थासाठी शिकण्यास ते का असावे?

म्हणून या सुवर्ण महोत्सवाच्या निमित्ताने विश्वस्त मंडळापुढे तीन नम्र सूचना आहेत. पहिली, शिष्यवृत्ती निधीचा काही भाग तीस वर्षांवरील विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावा, आणि तो बिनव्याजी कर्जाच्या रूपात, काम मिळाल्यानंतर सोयीच्या हप्त्यांनी परत घ्यावा. म्हणजे घेणाऱ्याचा स्वाभिमान राहील आणि निधीही फिरता राहील. दुसरी, सभागृहाची एक खोली रोज रात्री अभ्यासिका म्हणून उघडी ठेवावी, आणि त्यात भगिनींसाठी वेगळी वेळ असावी. तिसरी सूचना बिनखर्चाची आहे: गुणवंतांच्या सत्कारात, चाळिसाव्या वर्षी पदवी मिळविणाऱ्याचे नाव त्याच व्यासपीठावरून, त्याच मानाने पुकारले जावे. गुण कमी असले तरी चालतील. त्या टाळ्या ऐकून सभागृहात मागे बसलेला, धंदा बसल्याने मान खाली घालून असलेला एखादा भाऊ दुसऱ्या दिवशी प्रवेश अर्ज आणावयास निघाला, तर संस्थेच्या पुढील पन्नास वर्षांची सुरुवात चांगली झाली असे म्हणता येईल.

जय जिनेंद्र!