मुलाचा एकच ध्यास



नांदेडहून आगगाडीनें लातूरला जातांना पूर्णा, परभणी, परळी वैजनाथ, लातूर रोड हीं स्थानकें क्रमानें लागतात. सहा वर्षांचें एखादें मूल हीं नांवें न अडखळतां म्हणूं लागलें, म्हणजे घरच्या वडील मंडळींस कौतुक वाटतें. परंतु जेवतांना, निजतांना, पाहुण्यांसमोरहि तें दुसरा विषय काढीत नाहीं व थांबविल्यास आकांत मांडतें, तेव्हां कौतुकाची चिंता होते.

अशा मुलांचें वर्णन व्हिएन्नाचे वैद्य हान्स आस्पर्गर यांनीं १९४४ सालीं केलें. १९८१ मध्यें डॉ. लॉर्ना विंग यांनीं त्या अवस्थेस त्यांचें नांव दिलें. पुढें २०१३ मध्यें अमेरिकेंतील मानसवैद्यांनीं ती स्वमग्नतेच्या व्यापक वर्गांत घातली. नांवें बदललीं, मुलाची अडचण तीच राहिली.

हा ध्यास म्हणजे हट्ट नव्हे. माणसांचा चेहरा, स्वर, थट्टा हीं ज्यास सहज उमगत नाहींत, त्यास वेळापत्रक विश्वासाचें वाटतें. गाडी उशिरा आली तरी कागदावरील वेळ ढळत नाहीं! म्हणून छंदाची वही फाडणें किंवा शिक्षा म्हणून ती काढून घेणें, हें मुलाचा आधार काढून घेण्यासारखें आहे.

मात्र आधारास मर्यादा हवी. छंदासाठीं रोजची वेळ व जागा ठरवावी. दिवसाचा क्रम चित्रांनीं भिंतीवर लावावा. वेळ संपण्यापूर्वीं पांच मिनिटें सूचना द्यावी आणि पुढें काय करावयाचें तेंहि सांगावें. सुरुवातीस रडारड होईल. नियम आज एक, उद्यां दुसरा असा नसावा. रुळांजवळ एकट्यानें जावयाचें नाहीं, हा नियम तर अढळच ठेवावा.

परीक्षेंतील गुणांसाठीं लातूरचें नांव महाराष्ट्रभर झालें आहे. अशा वातावरणांत नुसत्या पाठांतरावरून मुलास विद्वान ठरविण्याचा मोह होतो, आणि त्यास खेळांत सवंगडी नाहीं हें ध्यानांतच येत नाहीं. खरी कसोटी तेथें आहे. म्हणून छंदाचाच पूल करावा. २०१६ च्या दुष्काळांत मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली. पहिल्या गाडीस १० टाक्या होत्या. प्रत्येकींत सुमारें ५०,००० लिटर, तर एकूण पाणी किती? गणित सुटलें कीं विचारावें, 'तें पाणी कोणास हवें होतें? घागर घेऊन उभ्या असलेल्या आजीला काय वाटलें असेल?' असें मूल गाडीवरून माणसांकडे येतें. मग शेजारच्या मुलास बोलावून एकानें गार्ड व्हावें, दुसऱ्यानें प्रवासी. पाळी बदलण्याचा धडा त्यांतच मिळतो.

एवढें करूनहि मूल कोणांत मिसळत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांस अवश्य दाखवावें. भारतांत २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत स्वमग्नतेचा समावेश आहे. तेव्हां त्यांत लाज बाळगण्याचें कारण नाहीं, आणि वेळ दवडणें मात्र मुलास महाग पडतें.