रॉक, भडकपणा आणि बारा पानांची पटकथा



रॉक संगीतावर बेतलेली, मुद्दाम भडक रंगवलेली छोटी विनोदी पटकथा कशी लिहावी, हा आजचा विषय. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. अशा पटकथेत हसू येतं ते पात्रांच्या गांभीर्यामुळे, आणि ते टिकतं लेखकाच्या मायेमुळे. कपडे कितीही चमचमते असोत, प्रसंग कितीही अचाट असो, आपण विनोदी आहोत याची पात्राला गंधवार्ता नसावी. बाकीचं सगळं तंत्र याच्या पोटात येतं.

या प्रकारातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण लंडनचं. तिथल्या रॉयल कोर्ट थिएटरच्या वरच्या मजल्यावर जेमतेम साठेक माणसं बसतील एवढं एक नाट्यगृह आहे. १९ जून १९७३ रोजी तिथे ‘द रॉकी हॉरर शो’ ही संगीतिका सुरू झाली. लेखक रिचर्ड ओब्रायन हा तेव्हा कामाच्या शोधात असलेला नट. लहानपणापासून पाहिलेले स्वस्तातले भयपट, परग्रहावरच्या माणसांचे सिनेमे आणि १९५०च्या दशकातलं रॉक अँड रोल हे त्याचं भांडवल. त्यातून त्याने एक वेडा शास्त्रज्ञ उभा केला: कमरेला कॉर्सेट, गळ्यात मोत्यांची माळ, पायांत जाळीदार मोजे आणि उंच टाचांचे बूट. १९७५ मध्ये यावर चित्रपट निघाला, तो आधी आपटला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरने तो मध्यरात्री लावायला सुरुवात केली आणि चित्र पालटलं. लोक पात्रांसारखे कपडे करून येऊ लागले. पडद्यावर लग्न लागलं की तांदूळ उधळायचे, पाऊस आला की डोक्यावर वर्तमानपत्र धरायचे. अर्धं शतक उलटलं तरी हे खेळ कुठे ना कुठे चालूच आहेत.

या चित्रपटाचं यश नुसत्या वेशभूषेचं नाही. शेवटाकडचा एक प्रसंग नीट पाहा. शास्त्रज्ञाचा डाव फसला आहे, त्याचेच नोकर त्याच्यावर उलटले आहेत. अशा वेळी तो रंगमंचावर उभा राहून निरोपाचं गाणं गातो. समोरच्या खुर्च्या रसिकांनी भरलेल्या दिसतात, टाळ्या ऐकू येतात. मग कॅमेरा दाखवतो की सभागृह रिकामं आहे, टाळ्या त्याच्या मनातल्या होत्या. ओघळलेल्या काजळाचा तो चेहरा टिम करी या नटाने इतक्या खरेपणाने रंगवला की दीड तास खदखदून हसलेला प्रेक्षक त्या क्षणी गप्प होतो. करीने आधीच्या दीड तासात एकदा जरी प्रेक्षकाला डोळा मारून ‘हे सगळं खोटं बरं का’ असं सुचवलं असतं, तर हा क्षण हाती लागलाच नसता.

या भडक, नाटकी, अतिशयोक्तीवर पोसलेल्या शैलीला इंग्रजीत कॅम्प म्हणतात. सुझन सोंटॅग यांनी १९६४ मध्ये अठ्ठावन्न टिपणांचा एक निबंध लिहून या अभिरुचीची मांडणी केली. त्यांनी दोन प्रकार वेगळे काढले. एक भाबडा: करणारा जीव ओतून काहीतरी भव्य करायला जातो आणि त्याच्या नकळत ते गमतीदार होतं. दुसरा जाणूनबुजून केलेला. त्यांचा कल पहिल्याकडे होता, कारण दुसऱ्यात खटाटोप दिसतो. पटकथाकाराची अडचण नेमकी हीच आहे. तो कागद-पेन घेऊन बसला की जाणूनबुजूनच लिहिणार. मग भाबडेपणा आणायचा कुठून? माझं उत्तर असं, की जाणीव लेखकाकडे ठेवावी आणि भाबडेपणा पात्रांना द्यावा. पात्रांच्या दुनियेत कशाचीच थट्टा नसते, सगळं जीवनमरणाचं असतं.

याचं घरचं उदाहरण म्हणजे आपल्या तमाशातल्या गवळणीत येणारी मावशी. ती पुरुष असते हे फडासमोर बसलेल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी मावशी गवळणींची वडीलधारी म्हणून पूर्ण तोऱ्यात वागते, कृष्णाला दटावते, मान सोडत नाही. हशा त्या तोऱ्याला असतो.

रॉक संगीत या शैलीला इतकं मानवतं, कारण ते मुळातच निम्मं नाटक आहे. डेव्हिड बोवीने १९७२ मध्ये झिगी स्टारडस्ट नावाचा तांबड्या केसांचा अवतार घेतला. ॲलिस कूपर मंचावर गिलोटिन आणून स्वतःचा शिरच्छेद करवून घेत असे. किस या बँडचे चौघे तोंड रंगवून, आगीचे लोळ उठवत गात. हे सगळं भव्य आहे, आणि भव्य व हास्यास्पद यांच्यामधली रेघ फार बारीक असते. विनोदी पटकथा त्या रेघेवर चालते.

ती रेघ किती बारीक असते हे ‘धिस इज स्पायनल टॅप’ने दाखवलं. रॉब रायनर दिग्दर्शित हा चित्रपट १९८४ चा. एका काल्पनिक ब्रिटिश हेवी मेटल बँडचा माहितीपट असल्याचा त्याचा आव आहे. बरेचसे संवाद क्रिस्टोफर गेस्ट, मायकल मॅककीन आणि हॅरी शिअरर या नटांनी कॅमेऱ्यासमोरच रचले. पूर्ण चित्रपटाआधी त्यांनी वीसेक मिनिटांचा नमुना बनवला होता, ही गोष्ट लघुपट लिहू पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. कल्पना खरी असेल तर वीस मिनिटांत ती स्वतःच्या पायांवर उभी राहते.

त्यातला स्टोनहेंजचा प्रसंग पटकथेच्या विद्यार्थ्याने समोर ठेवून गिरवावा असा आहे. गिटारवादकाला मंचावर इंग्लंडच्या त्या प्राचीन शिळांची प्रतिकृती हवी असते. तो कागदी रुमालावर आकृती काढतो आणि उंची लिहितो अठरा. फुटांसाठी आकड्यावर एक छोटी रेघ द्यायची, तिथे तो दोन देतो. दोन म्हणजे इंच. नेपथ्य करणारी बाई कागदावर आहे तसं इमानेइतबारे करून देते. मग प्रयोगाची रात्र. धूर, निळा प्रकाश, प्राचीन जमातींबद्दलचं भारदस्त निवेदन, आणि वरून हळूहळू खाली येते गुडघ्याएवढी शिळा. तिच्याभोवती दोन बुटके कलावंत नाचतात आणि तिच्यापेक्षा उंच दिसतात. गायक गाणं थांबवत नाही. या प्रसंगात कोणीही मूर्खपणा म्हणून मूर्खपणा केलेला नाही. प्रत्येकाने आपलं काम चोख केलं आहे. चूक एका रेघेची आहे, आणि ती प्रेक्षकाने आधी पाहिलेली आहे. बीज आधी पेरायचं, पात्रांना श्रद्धेने राबू द्यायचं आणि फळ सगळ्यांसमोर मंचावर द्यायचं, असा हा तीन पायऱ्यांचा आराखडा आहे. तो दहा मिनिटांच्या पटकथेलाही पुरतो. वास्तव याच्या फार मागे नव्हतं. १९८३ च्या दौऱ्यात ब्लॅक सॅबथ या खऱ्या बँडने स्टोनहेंजचं इतकं प्रचंड नेपथ्य बनवून घेतलं की कित्येक सभागृहांत ते मावेना.

आता एक असं नाव, ज्याचं बालपण आपल्या पाचगणीत गेलं. फारुख बलसारा हा झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, शाळेतल्या ‘द हेक्टिक्स’ या बँडमध्ये पियानो वाजवू लागला आणि पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. १९८४ मध्ये त्याच्या क्वीन बँडने ‘आय वाँट टू ब्रेक फ्री’ या गाण्याची चित्रफीत केली, ती माझ्या मते या प्रकारातली अव्वल छोटी पटकथा आहे. चौघेही बायकांच्या वेशात. एकजण केसांना कर्लर लावलेला, एक शाळकरी मुलगी, एक म्हातारी. आणि फ्रेडी काळा चामडी स्कर्ट घालून व्हॅक्यूम क्लीनर फिरवतोय, मिशी तशीच ठेवून! त्या मिशीत सगळं आलं. ती काढली असती तर ते सोंग झालं असतं. ठेवली म्हणून घरकामाला जुंपलेल्या माणसाची सुटकेची तळमळ दोन्ही बाजूंनी खरी वाटते. हा सगळा प्रकार ‘कोरोनेशन स्ट्रीट’ या ब्रिटिश मालिकेवर बेतलेला होता. ब्रिटनमध्ये घराघरात ती मालिका ठाऊक, म्हणून लोक हसले. अमेरिकेत ती ठाऊक नव्हती, तिथे अनेकांना हे पुरुष बायकांचे कपडे घालून काय करताहेत हेच कळेना आणि गाण्याला फटका बसला. विडंबन करताना मूळ वस्तू प्रेक्षकाच्या ओळखीची असावी. ती नसेल तर पहिल्या दोन पानांत तिची ओळख करून द्यावी.

आता प्रत्यक्ष लिहिण्याकडे येऊ. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा धंद्यातला ठोकताळा आहे. बारा पानांत एक हट्ट, एक अडथळा आणि एक अचाट वस्तू एवढंच मावतं. गाणं मात्र स्वतःचं लिहा. त्याचं एक कारण व्यवहाराचं. प्रसिद्ध गाणं वापरायचं तर शब्द-चालीचे हक्क वेगळे आणि ध्वनिमुद्रणाचे वेगळे, दोन्ही विकत घ्यावे लागतात. दुसरं कारण कलेचं. मी वर सांगितलेल्या दोन्ही चित्रपटांतली गाणी खास त्या कथांसाठी रचलेली आहेत, आणि ती गाणी म्हणून उत्तम आहेत. बँड हास्यास्पद असला तरी गाणं टाकाऊ असून चालत नाही. गाणं पडलं तर प्रेक्षक पात्रांना सोडून देतो.

एक कथा रचून दाखवतो. मुंबईत धोबी तलावाला रंगभवन नावाचं खुलं नाट्यगृह आहे. १९८६ मध्ये सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव अनेक वर्षं तिथे भरत असे. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमामुळे तिथला आवाज बंद झाला. रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्याभोवतीच्या शंभर मीटरांत रात्रीची मर्यादा चाळीस डेसिबल, आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. यातच पटकथा दडलेली आहे. एक काल्पनिक मेटल बँड, विश्वाच्या अंतावरचं एक महाकाव्य, मंचावर धूर, आणि समोर हातात डेसिबल मीटर घेतलेला फौजदार.

फौजदार: नऊ बावन्न. आठ मिनिटं आहेत.
गायक: साहेब, आमचं गाणं अकरा मिनिटांचं आहे.
फौजदार: मग तीन मिनिटं कमी करा.
गायक: कुठली? सूर्य विझतो ती, की परत पेटतो ती?
फौजदार (विचार करून): विझू दे. पेटायचा तो सकाळी सहानंतर पेटू दे.

या दोघांपैकी कोणीही विनोद करत नाही. गायकाला सूर्याची काळजी आहे, फौजदाराला नियमाची. फौजदार खेकसला असता किंवा लाचखाऊ निघाला असता, तर हा प्रसंग चार ठिकाणी पाहिलेला वाटला असता. तो गाण्याचा अर्थ समजून घेऊन वाट काढतो, म्हणून आवडतो. शिवाय आठ मिनिटांची मुदत मिळाल्याने पटकथेला आपोआप घड्याळ लागलं.

दहा वाजतात, वीज बंद होते. बँड उरलेली तीन मिनिटं विजेशिवाय वाजवतो. केस तसेच उडताहेत, गुडघे तसेच टेकताहेत, ड्रमवादक बोटांच्या टोकांनी वाजवतोय, सूर्य परत पेटतोय. फौजदार मीटरकडे पाहत उभा. आकडा एकोणचाळीसवर अडलेला. गाणं संपतं आणि त्याच्या हातून नकळत टाळी वाजते. मीटर उडी मारतं. तो वही उघडतो आणि नियमभंग करणाऱ्याच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहितो. दोघांचीही निष्ठा शेवटपर्यंत अभंग राहिली, कायदाही पाळला गेला आणि गाणंही पुरं झालं.

मायेविषयी शेवटचं सांगतो. फ्रेडी मर्क्युरी १९९१ मध्ये गेला. २० एप्रिल १९९२ रोजी त्याच्या स्मरणार्थ लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर मोठी मैफल झाली. जगातले नामांकित रॉक कलावंत त्या मंचावर आले, आणि त्यांच्यात स्पायनल टॅपही होता. थट्टेसाठी जन्माला घातलेल्या बँडला खऱ्या रॉकच्या दुनियेने दुःखाच्या प्रसंगी आपल्यात घेतलं. नुसती टिंगल केली असती तर कोणी त्यांना दारात उभं केलं नसतं. स्पायनल टॅपच्या त्या तिघा नटांना ते संगीत वाजवता येत होतं, आवडत होतं, त्याचे हट्ट आणि त्याच्या जखमा ठाऊक होत्या. थट्टेचा अधिकार त्यांना तिथून मिळाला.

पुण्यात फिरोदिया करंडकाच्या स्पर्धेत महाविद्यालयीन मुलं नाटकात संगीत, चित्रकला, नृत्य असं सगळं एकत्र आणतात. गिटार वाजवणारी मुलं आणि लिहिणारी मुलं तिथे एकाच तालमीत असतात. त्यांना माझं सांगणं आहे, की आधी गाणं करा. ते गाणं तुमच्या मित्रांना विनोद बाजूला ठेवून पुन्हा ऐकावंसं वाटेल इतकं चांगलं करा. मग ते गाणाऱ्यासाठी एक अशक्य हट्ट शोधा आणि त्या हट्टावर त्याच्याइतकाच विश्वास ठेवून बारा पानं लिहा. या प्रकारात मराठीत लिहायला मोठं रान मोकळं आहे, आणि त्यासाठी लागतो तो एक कॅमेरा, एक गिटार आणि न हसता उभा राहू शकणारा एक नट.