पेढीची राखण



वसंत व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे आणि आम्ही सतरंजीवर बसून ऐकावे, असा माझा आजवरचा परिपाठ. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर आणि कामगार कचेरीच्या ओट्यावर झाले. तेव्हा ‘व्यापारी संकेतस्थळाची सुरक्षितता’ या विषयावर हमाल-कामगारांच्या माणसाने का बोलावे, अशी शंका आपल्या मनात आली असेल तर ती रास्त आहे. तिचे उत्तर आरंभीच देतो. संगणकाच्या पोटातले जेवढे मी समजून घेतले आहे तेवढेच सांगेन. परंतु राखण हे काम आहे, कामाला माणूस लागतो, माणसाला वेळ आणि मजुरी लागते, आणि काम बिघडले की दोष कोणाच्या माथी बसतो, हा मात्र माझा तीस वर्षांचा विषय आहे.

प्रथम संकेतस्थळ म्हणजे काय ते पाहू. काही संकेतस्थळे दुकानावरच्या रंगविलेल्या पाटीसारखी असतात. नाव, पत्ता, मालाची यादी. येणाऱ्याने वाचावे आणि जावे. पाटीला कोणी काळे फासले तर अब्रू जाईल, पण गल्ला शाबूत राहील. दुसरा प्रकार पेढीसारखा. गिऱ्हाईक येते, नाव सांगते, आणि आत बसलेला मुनीम चोपडी उघडून त्या गिऱ्हाइकापुरते पान काढून दाखवितो. मागणी लिहून घेतो, पैसे घेतो, पावती देतो. प्रत्येकास वेगळे पान दिसते, कारण ते त्या क्षणी तयार होते. आजचे व्यापारी संकेतस्थळ हे असे आहे. तेथे चोराला भिंत फोडावी लागत नाही. मुनिमाला फसविले की पुरे.

ही फसवणूक कशी होते, ते सांगतो. समजा, पेढीवर चिठ्ठी आली, ‘अमक्याचे खाते दाखवा’. आणि नावाच्या जागी कोणी लिहिले, ‘रामभाऊ, आणि बाकी सगळ्यांचीही’. माणूस मुनीम असेल तर हसेल आणि चिठ्ठी फाडून टाकील. यंत्राचा मुनीम आज्ञाधारक. तो सारी चोपडी पुढे ठेवील. या युक्तीला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. तिचा उतारा अवघड नाही. हुकूम आधीच पक्का करून ठेवावा, आणि गिऱ्हाइकाने लिहिलेला मजकूर फक्त नाव म्हणूनच वाचला जाईल, हुकूम म्हणून कधीच नाही, अशी आज्ञावली लिहावी. ही युक्ती आणि तिचा उतारा दोन्ही फार दिवसांचे माहितीतले आहेत. तरीही ब्रिटनमधील टॉकटॉक या दूरध्वनी कंपनीची सुमारे १ लाख ५७ हजार गिऱ्हाइकांची माहिती ऑक्टोबर २०१५ मध्ये याच वाटेने गेली, आणि पुढल्या वर्षी तेथील माहिती आयुक्तांनी तिला ४ लाख पौंड दंड केला. उतारा ठाऊक होता. तो लावायला कोणी उठले नाही.

याहून मोठे उदाहरण अमेरिकेतले. इक्विफॅक्स ही कंपनी लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवते. तिच्या संकेतस्थळाचा एक भाग अपाची स्ट्रट्स नावाच्या आज्ञावलीवर चालत होता. त्या आज्ञावलीत भोक असल्याचे मार्च २०१७ मध्ये जाहीर झाले आणि ते बुजविण्याचे ठिगळही त्याच वेळी फुकट मिळाले. कंपनीत तशी सूचनाही फिरली. पण त्या जागी ठिगळ लागले नाही. मे महिन्यात चोर आत शिरले, आणि ७६ दिवस आत वावरले. येणारी-जाणारी माहिती तपासणारे यंत्र होते, पण त्याच्या प्रमाणपत्राची मुदत कित्येक महिने आधी संपून ते आंधळे झाले होते. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची खाजगी माहिती गेली. ऑक्टोबरमध्ये कंपनीचे माजी प्रमुख अमेरिकन काँग्रेससमोर उभे राहिले तेव्हा त्यांनी काय सांगितले? ठिगळ लावण्याचा निरोप एका माणसाने पुढे पोहोचविला नाही, असे सांगितले.

बंधुहो, हे वाचले तेव्हा मला अमेरिका परकी वाटली नाही. चौदा कोटी लोकांची राखण एका माणसाच्या निरोपावर लटकत ठेवली कोणी? तो आजारी पडला, विसरला, दुसऱ्या कामाला लावला गेला, तर पाहणारा दुसरा कोण होता? हा प्रश्न त्या माणसाला विचारायचा नसतो, व्यवस्था आखणाऱ्याला विचारायचा असतो.

आता आपल्या घरी या. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ सालची, जुनी आणि नामांकित. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. बँकेच्या यंत्रणेत घुसलेल्या चोरांनी मध्येच एक खोटा मध्यस्थ बसविला. एटीएमकडून येणारी ‘पैसे देऊ का?’ ही विचारणा बँकेपर्यंत न पोहोचता त्या मध्यस्थाकडे जाई, आणि तो ‘द्या’ म्हणे. काही तासांत २८ देशांतून पैसे उचलले गेले. सोमवारी, १३ तारखेस, उरलेला डल्ला हाँगकाँगच्या खात्यात वळविला. एकूण ९४ कोटी ४२ लाख रुपये. ही संकेतस्थळावरची चोरी नव्हे, पाठीमागच्या यंत्रणेवरची. पण व्यापाऱ्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चोराने वार निवडला तो शनिवार. राखणदाराची सुट्टी कधी, हे चोर मालकापेक्षा नीट पाहून ठेवतो.

आपल्याकडे कपाशीच्या जिनिंगमध्ये काय करतात? विडी-काडी दारावर काढून घेतात, पाणी आणि वाळूच्या बादल्या भरून ठेवतात, आणि मागल्या वर्षी आग लागली नाही म्हणून यंदा बादल्या रित्या ठेवीत नाहीत. रुईला ठिणगीचे भय रोजचे, म्हणून दक्षता रोजची. संकेतस्थळाचे तसेच आहे. ते एकदा बांधून घेतले, कारागिराचे पैसे चुकते केले, की काम संपले, ही समजूत घातक आहे. ठिगळे दर महिन्याला निघतात. ती लावणारा माणूस नेमलेला हवा. चोपडीची नक्कल रोज निघावी, ती दुसऱ्या जागी राहावी, आणि तिच्यावरून पेढी पुन्हा उभी राहते की नाही हे अधूनमधून करून पाहावे. गिऱ्हाइकांचे परवलीचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवू नयेत, दळून ठेवावेत. पिठावरून पुन्हा ज्वारीचा दाणा होत नाही. दळण्यापूर्वी प्रत्येकात निराळे मीठ टाकतात, म्हणजे दोघांचा शब्द एकच असला तरी पीठ एकसारखे दिसत नाही. आणि जे लागत नाही ते जवळ बाळगूच नये. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने व्यापाऱ्यांना गिऱ्हाइकांच्या कार्डांचे आकडे साठविण्याची मनाई केली, तिचे मर्म हेच. जे घरात नाही ते चोराला सापडत नाही.

राहिला किल्ल्यांचा प्रश्न, आणि येथे माझा खरा मुद्दा आहे. मागे आमच्या संघटनेकडे एक प्रकरण आले. गावाचे आणि पेढीचे नाव घेत नाही. शेतीची अवजारे संकेतस्थळावरून विकणारी ती पेढी. एके दिवशी गिऱ्हाइकांना परस्पर फोन येऊ लागले, ‘तुमची मागणी अडकली आहे, आलेला ओटीपी सांगा.’ फोन करणाऱ्याला गिऱ्हाइकाचे नाव, गाव, मागविलेला पंप, सारे पाठ. काहींचे पैसे गेले. मालकाने मागण्या नोंदविणाऱ्या मुलीला दुसऱ्या दिवशी कामावरून काढले. आम्ही विचारपूस केली तेव्हा उघड झाले, की मालक, पुतण्या, दोन कारकून, ही मुलगी आणि केव्हाच काम सोडून गेलेला कारागीर, असे सहा जण एकाच परवलीच्या शब्दाने आत जात होते. कोण केव्हा आले, काय पाहिले, याची नोंद ठेवण्याची सोय यंत्रात होती. ती कोणी सुरूच केली नव्हती. मग चोर तीच हे कशावरून? आणि ती चोर नाही, हे तरी तिने कशावरून दाखवावे? भांडून तिला परत कामावर घ्यायला लावले. पण गावात उठलेला बोभाटा कोणत्या ठरावाने मागे घेता येतो?

म्हणून सांगतो, प्रत्येकाला स्वतंत्र किल्ली, कामापुरतीच किल्ली, काम सोडले त्या दिवशी किल्ली बंद, आणि आवक-जावकीची नोंदवही कायम उघडी. हे नियम नोकरावरच्या अविश्वासाचे नव्हेत. मालकाच्या मालाचे ते जितके रक्षण करतात, त्याहून अधिक गरीब नोकराच्या इभ्रतीचे करतात. मालकाजवळ वकील असतो; नोकराजवळ ती नोंद असते. कायदाही तिकडेच वळतो आहे. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये आदेश काढला, की अशा नोंदी १८० दिवस जपाव्यात आणि घुसखोरी ध्यानात आल्यापासून ६ तासांत कळवावी.

सहा तासांत कळवायचे तर ज्याला प्रथम दिसते त्याने निर्भयपणे बोलले पाहिजे. प्रथम दिसते कोणाला? मालकाला नव्हे, टेबलावरच्या कारकुनाला. ‘साहेब, काहीतरी विपरीत दिसते आहे’ असे म्हणणाऱ्याची नोकरी जात असेल, तर पुढच्या वेळी तो गप्प बसेल, आणि चोराला ७६ दिवस मिळतील.

व्यापारी बंधूंना माझी विनंती एवढीच. दुकानाच्या गुरख्याला पगार देता, तसा संकेतस्थळाच्या राखणीचा खर्च वर्षाच्या हिशेबात धरा. त्याचे काम कागदावर लिहा. त्याच्या सुट्टीत दुसरा नेमा. गिऱ्हाईक बंधुभगिनींना विनंती, की ओटीपी कोणालाही सांगू नका, आणि फसलात तर लाजून घरी न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर फोन करा. आणि पेढ्यांवर काम करणाऱ्या मुलामुलींना सांगणे आहे, की आपली वेगळी किल्ली आजच मागून घ्या. मागण्याने कोणी संशयित ठरत नाही. न मागता राहिले, तर ठरण्याचा संभव आहे.