गाडीची बॅटरी: आधी मोजा, मग बदला

(मंडळाच्या हिवाळापूर्व मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



"थंडी सुरू व्हायच्या आत गाडीच्या बॅटरीवर अर्धा तास बोल," असं कार्यकारिणीचं फर्मान आलं. मी म्हटलं, अहो, मी कॉम्प्युटरवाला, एखाद्या मेकॅनिकला बोलवा. उत्तर मिळालं, "मेकॅनिक पैसे घेतो, तू फुकट सांगशील." तेव्हा आजचे हे बोल फुकटचे आहेत, पण ऐकलेत तर दोनशे डॉलर नक्की वाचतील. आणि पैशांपेक्षा मोठी गोष्टही वाचेल.

ती कोणती, ते आधी सांगतो. ३० जानेवारी २०१९ ला इथे शिकागोच्या ओहेअर विमानतळावर पारा उणे २३ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे ३० सेल्सिअसच्याही खाली उतरला होता. अशा हवेत वारा असला तर उघड्या कातडीला काही मिनिटांत हिमदंश होतो. त्या वेळी मॉलच्या पार्किंगमध्ये, मागच्या सीटवर दोन वर्षांचं मूल असताना, किल्ली फिरवली आणि नुसतं "टिक टिक टिक" ऐकू आलं, तर तो प्रश्न गाडीचा राहत नाही. शिवाय धक्का मारून गाडी सुरू करायचा आपला पुण्या-मुंबईचा रामबाण उपाय इथल्या ऑटोमॅटिक गाड्यांना चालत नाही.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातला एक नियम इथे तंतोतंत लागू पडतो: आधी मोजा, मग बदला. अंदाजाने काही करू नका. बॅटरी अचानक "जाते" असं आपण म्हणतो, पण ती बहुतेक वेळा आधी नोटीस देते. ती नोटीस आकड्यांत असते, इतकंच.

डब्याच्या आत काय आहे?

शिसे आणि आम्ल यांची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली बनवली. मूळ रसायन आजही तेच आहे. एका बाजूला शिसे, दुसऱ्या बाजूला शिशाचा ऑक्साइड, मध्ये पाणी मिसळलेलं गंधकाम्ल. अशा एका कप्प्यात साधारण २.१ व्होल्ट मिळतात. सहा कप्पे एकापुढे एक जोडले की १२.६. आपण "बारा व्होल्टची बॅटरी" म्हणतो, पण तब्येत चांगली असेल तर आकडा १२.६ असतो, हे लक्षात ठेवा.

१९१२ साली कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि हँडल मारायची कटकट संपत गेली. तेव्हापासून बॅटरीचं मुख्य काम एकच: काही सेकंदांत प्रचंड करंट देऊन इंजिन फिरवणं. घरातल्या साध्या सॉकेटचा ब्रेकर १५ अँपिअरचा असतो. स्टार्टर मात्र दीडशे-दोनशे अँपिअर सहज ओढतो.

गावी लोडशेडिंगसाठी घेतलेला इन्व्हर्टर आठवा. त्याची बॅटरी वारकऱ्यासारखी, सावकाश पण तासन्‌तास चालणारी. गाडीची बॅटरी शंभर मीटर धावणाऱ्या खेळाडूसारखी. एकदा जोर लावला की तिचं काम संपलं, पुढे सगळी वीज अल्टरनेटर पुरवतो आणि बॅटरी परत भरून काढतो. या खेळाडूला मॅरेथॉन पळवली, म्हणजे इंजिन बंद ठेवून तासभर गाणी आणि दिवे चालू ठेवले, की त्याची तब्येत बिघडते.

मरण उन्हाळ्यात, बातमी हिवाळ्यात

थंडीने बॅटरी मरते असा सर्वांचा समज आहे. खरं नुकसान उष्णतेने होतं. बॉनेटखालच्या, म्हणजे इथल्या हूडखालच्या उन्हाळी गरमीत आतल्या शिशाच्या जाळ्या भराभर गंजतात. जुलैमध्ये इंजिन हलकं फिरतं, म्हणून अशक्त बॅटरीही खपून जाते. जानेवारीत तेल घट्ट होतं, इंजिन फिरवायला कितीतरी जास्त जोर लागतो, आणि नेमकी त्याच वेळी बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते. शून्य फॅरनहाइटला ताकद निम्म्याहूनही कमी उरते. मागणी वाढली, पुरवठा घटला. मरण उन्हाळ्यातलं, बातमी आपल्याला हिवाळ्यात कळते.

म्हणून नवी बॅटरी घेताना लेबलवर सीसीए हा आकडा बघा. ६०० सीसीए म्हणजे शून्य फॅरनहाइटला ३० सेकंद ६०० अँपिअर देण्याची क्षमता. गाडीच्या मॅन्युअलमध्ये जेवढा लिहिलाय त्यापेक्षा कमी घेऊ नका. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी गाडी असेल, तर तिला बहुधा एजीएम प्रकारची बॅटरी असते. तिथे स्वस्तातली साधी बॅटरी बसवू नका.

दहा मिनिटांची तपासणी

वीसेक डॉलरचा मल्टिमीटर घ्या. तो डीसी व्होल्टवर लावून तीन मापं घ्यायची.

पहिलं, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी. १२.६ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जेमतेम पाव.

दुसरं, कोणीतरी गाडी सुरू करत असताना. आकडा क्षणभर खाली येणारच. पण सौम्य हवेत ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी थकली आहे.

तिसरं, इंजिन चालू असताना. साधारण १३.५ ते १४.७ हवा. हल्लीच्या काही गाड्यांत कॉम्प्युटर तो थोडा खालीवर करतो. पण १२.५ वरून हलतच नसेल, तर दोष अल्टरनेटरचा किंवा त्याच्या पट्ट्याचा असू शकतो. अशा वेळी नवी बॅटरी घालणं म्हणजे नळाला पाणी नाही म्हणून बादली बदलणं.

एक मर्यादा सांगतो. सकाळचा आकडा चांगला दिसूनही बॅटरी जोर लावताना कोसळू शकते. त्यासाठी लोड टेस्ट लागते, ती ऑटो पार्ट्सची बरीच दुकानं फुकट करतात. बॅटरीला तीन-चार वर्षं झाली असतील तर दर ऑक्टोबरमध्ये करून घ्या. बॅटरी बदलल्यास जुनी परत द्यायला विसरू नका, 'कोअर चार्ज' परत मिळतो आणि शिशाचा पुनर्वापरही होतो.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साचली असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने साफ करा. डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे. टर्मिनल सोडवताना आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर काढायची आणि जोडताना ती शेवटी लावायची. कारण गाडीचा सगळा सांगाडा निगेटिव्हला जोडलेला असतो. लाल सोडवताना पाना पत्र्याला टेकला तर थेट शॉर्ट सर्किट. आणि काम करताना हातातली अंगठी, बांगड्या, कडं काढून ठेवा. बारा व्होल्टने शॉक बसत नाही, पण शॉर्ट झालेली सोन्याची अंगठी क्षणात इतकी तापते की बोटाला खोल भाजतं.

डिसेंबरची भारतवारी

हा भाग खास आपल्यासाठी. गाडी बंद असली तरी अलार्म, घड्याळ, रिमोट कुलूप यांना थोडी वीज लागतेच. ५० मिलिअँपिअरपर्यंत ते सामान्य मानतात. आता हिशोब करा: दिवसाला १.२ अँपिअर-तास, ३० दिवसांत ३६. बॅटरी ६० अँपिअर-तासांची असेल तर निम्म्याहून अधिक रिकामी. परत येता तेव्हा हातात चार बॅगा, मुलं झोपलेली आणि पार्किंगमधली गाडी मुकी.

त्यातही, भरलेली बॅटरी शिकागोच्या थंडीत गोठत नाही. पूर्ण उतरलेली मात्र २० फॅरनहाइटच्या खाली गोठू शकते, कारण तिच्यातल्या आम्लाचं जवळजवळ पाणी झालेलं असतं. गोठून फुगलेल्या किंवा तडकलेल्या बॅटरीला कधीही जंप देऊ नका, चार्जरही लावू नका.

उपाय सोपे आहेत. गॅरेजमध्ये सॉकेट असेल तर आपोआप थांबणारा बॅटरी मेंटेनर लावून जा. डॅशकॅम वगैरे काढून ठेवा. झाडांना पाणी घालायला मित्राला घराची किल्ली देताच, गाडीचीही द्या. आठवड्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर चालवायला सांगा. मात्र बंद गॅरेजमध्ये इंजिन सुरू ठेवायला सांगू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो जीव घेतो.

जंप स्टार्ट: क्रम चुकवू नका

बॅटरीतून हायड्रोजन वायू निघू शकतो. तिच्या जवळ ठिणगी पडली तर स्फोट होतो आणि आम्ल थेट तोंडावर उडतं. म्हणून सगळा क्रम शेवटची ठिणगी बॅटरीपासून लांब पाडण्यासाठी आहे.

दोन्ही गाड्या एकमेकींना न टेकता उभ्या, दोन्ही बंद. लाल चिमटा आधी बंद पडलेल्या गाडीच्या प्लसला, दुसरा लाल चांगल्या गाडीच्या प्लसला. काळा चांगल्या गाडीच्या मायनसला. आणि शेवटचा काळा चिमटा बंद गाडीच्या बॅटरीला नाही, तर इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. चांगली गाडी सुरू करून पाच मिनिटं थांबा, मग दुसरी सुरू करा. काढताना बरोबर उलटा क्रम. केबल घेताना गेज बघा: आकडा लहान तितकी तार जाड. सहा किंवा चार गेजची घ्या.

हायब्रिडवाल्यांनी आधी मॅन्युअल वाचा. अनेक हायब्रिडमधून दुसऱ्या गाडीला जंप द्यायला कंपनीच मनाई करते. इलेक्ट्रिक गाडीतही मोठ्या बॅटरीशिवाय एक छोटी असते, ती उतरली तर गाडी जागीच होत नाही. आणि नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसल्या की हात मागे. तिथे शेकडो व्होल्ट असतात.

शेवटचं, फ्यूज. १५ चा फ्यूज उडाला तर १५ चाच घाला. फ्यूज रेडिओला वाचवायला नसतो, तारेला वाचवायला असतो. तिथे ३० चा घातला तर फ्यूज टिकेल आणि तार पेटेल. पुन्हा उडाला तर कारण शोधा.

मंडळी, एवढं सगळं लक्षात राहिलं नाही तरी चालेल. या शनिवारी मल्टिमीटर घेऊन सकाळचा एक आकडा तेवढा बघा आणि तारखेसह कागदावर लिहून ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा. पुढच्या ऑक्टोबरला त्याच्या शेजारी दुसरा आकडा लिहा. आणि मंडळात यंदा नवीन आलेलं एखादं कुटुंब असेल, पहिलाच हिवाळा असेल, तर त्यांच्या गाडीचाही आकडा बघून द्या. फराळाचं ताट देताना दोन मिनिटांचं काम आहे.

प्रश्न चहाच्या वेळी जरूर विचारा. शुभ दीपावली!