विद्युत मोटारीतील उष्णतापंप : घ्यावा की न घ्यावा?

पेट्रोलच्या मोटारीत हिवाळ्यातील ऊब जवळजवळ फुकट मिळते, कारण इंधनातील बहुतांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वायाच जात असते. विद्युत मोटारीची यंत्रणा मात्र इतकी काटकसरी, की आतील हवा तापविण्यासाठी बॅटरीच्याच खजिन्याला हात घालावा लागतो. साधा हीटर एक युनिट वीज घेऊन एका युनिटाइतकीच उष्णता देतो. उष्णतापंप, फ्रिजच्याच तत्त्वाने, बाहेरच्या थंड हवेतील उष्णता शोषून आत आणतो आणि तेवढ्याच विजेत, शून्य अंशाच्या आसपास, दुपटीहून अधिक उष्णता पदरात टाकतो. निस्सानने २०१२ च्या अखेरीस आपल्या लीफ मोटारीत ही सोय केली.

आता हिशेब पाहू. दोन तासांच्या प्रवासात हीटरने ४ युनिटे घेतली, तर पंपाला २ पुरावीत. शंभर किलोमीटरला १५ युनिटे लागणाऱ्या मोटारीस या बचतीतून सुमारे १३ किलोमीटर अधिक लाभतात. ऑस्लोच्या रहिवाशास, जेथे थंडी महिनोन्‌महिने मुक्काम ठोकते, पंपासाठीची जादा किंमत रास्त वाटावी; मात्र कडाक्याच्या थंडीत पंपाचाही प्रभाव बराच ओसरतो. मुंबईकरास वर्षभर गारवाच हवा, आणि तो साध्या वातानुकूलनातूनही मिळतो. सबब, जेथे हिवाळा दीर्घ आणि मोटारीचा वापर नित्याचा, तेथेच या पंपासाठी वेगळे दाम मोजावेत. कोकणात वा देशावर ती रक्कम खुशाल वाचवावी.