चित्रातील वस्तू आणि तोंडातला शब्द

तीन वर्षांच्या मुलापुढे चित्रांचे पुस्तक उघडले की घरातील वडील मंडळी बहुधा एकच प्रश्न विचारतात, "हे काय?" मूल म्हणते, "हत्ती." पान उलटते. "हे काय?" "छत्री." दहा पाने संपली की पुस्तक मिटते आणि मूल हुशार ठरते. वस्तुतः त्याला जे शब्द आधीच येत होते तेवढेच त्याने परत केले. नवा शब्द एकही पदरात पडला नाही.

चित्रांवरून शब्द शिकविण्याची कल्पना बरीच जुनी आहे. मोराव्हियातील शिक्षणवेत्ता कोमेनियस याने १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे 'ऑर्बिस पिक्टस' या नावाने ओळखले जाणारे सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात दीडशे पाठ होते. चित्रातील निरनिराळ्या वस्तूंवर आकडे घातलेले असत, आणि तेच आकडे शेजारच्या लॅटिन व जर्मन मजकुरात त्या त्या शब्दाजवळ दिलेले असत. परंतु हा मजकूर म्हणजे नावांची यादी नव्हती. ती वाक्ये होती. अक्षरांच्या पाठात अगदी प्रथम कावळा येतो, तोही ओरडतच येतो!

नाम बोटाने दाखविता येते. क्रियापद तसे दाखविता येत नाही, कारण चित्र हलत नाही. सूप घेऊन बसलेल्या बाईचे चित्र आहे असे समजा. 'सूप' एवढे सांगून पान उलटणे सोपे असते. पण त्या एका चित्रात पाखडणे, घोळणे, निवडणे ही क्रियापदे दडलेली असतात. कोंडा, कणी, फोलपट हे शब्दही तेथेच असतात. आई म्हणेल, "बाई तांदूळ पाखडते आहे. बघ, कोंडा उडाला आणि तांदूळ सुपातच राहिले." मग तिने घरातले सूप, तेही नसेल तर ताट, मुलाच्या हाती देऊन मूठभर तांदूळ पाखडायला द्यावेत. थोडे सांडतील, सांडू द्यावेत. 'सांडणे' हाही एक शब्दच आहे.

ज्या गावी रस्त्यावरची भाषा निराळी आहे तेथे या बोलण्याचे महत्त्व अधिक. हिंदीत लिंगे दोनच, म्हणून इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी घरातले मूल सहज म्हणून जाते, "झाड मोठा आहे." बेळगावकडे कानात पडणाऱ्या कानडीची व्यवस्था आणखी वेगळी, तीत माणसे वगळली तर पशुपक्षी आणि वस्तू सामान्यतः नपुंसकलिंगीच मानल्या जातात. अशा मुलाला 'झाड' हे नाव नुसते सांगून भागत नाही. "ते झाड केवढे मोठे, ती चिंच केवढी आंबट, तो आंबा केवढा गोड" असे त्याच्या कानावरून जावे लागते. मुलाला चुकीबद्दल टोकू नये. तेच वाक्य नीट करून आपण पुन्हा बोलावे, एवढे पुरे.

मूल एकच पुस्तक रोज मागते, याचा मोठ्यांना कंटाळा येतो. त्या हट्टात मुलाचा लाभ आहे. इंग्लंडमध्ये जेसिका हॉर्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीन वर्षांच्या मुलांचे दोन गट होते. नवे शब्द दोघांच्याही कानी सारख्याच वेळा पडले. परंतु त्याच त्या गोष्टी पुन्हा ऐकणाऱ्या मुलांना ते अधिक चांगले आले. त्यापूर्वी, १९८९ साली, न्यूझीलंडच्या वॉरविक एली यांनी सात-आठ वर्षांच्या मुलांविषयी असे दाखविले होते की, गोष्ट नुसती ऐकल्याने नव्या शब्दांच्या ज्ञानात सुमारे १५ टक्के भर पडली, तर वाचता वाचता अर्थ सांगितल्यावर ती सुमारे ४० टक्क्यांपर्यंत गेली. अर्थ सांगणे म्हणजे व्याख्यान नव्हे. एखादा ओळखीचा प्रतिशब्द, चित्राकडे बोट किंवा हाताचा अभिनय पुरतो. गोष्ट फार वेळ थांबली तर मूल उठून जाते, आणि त्याचे बरोबरच असते.

चित्राच्या काही खोडी मात्र ध्यानात ठेवाव्यात. एका पानावर मुंगी आणि पुढच्या पानावर हत्ती, दोघेही सारख्याच आकाराचे! मुंगी तरी मुलाने भिंतीवर पाहिलेली असते. पण अंकलिपीतील 'ठ ठशाचा' म्हणणाऱ्या किती मुलांनी ठसा हाती घेतलेला असतो? अर्धा बटाटा कोरून, शाईत बुडवून कागदावर दाबला की काम होते. जाते, उखळ, रहाट यांच्या बाबतीत एवढी सोय नाही; तेथे आजीची आठवण उपयोगी पडते. जाते कसे घरघरते, दळताना पीठ कोठून पडते, हे तिने त्या चित्रावर बोट ठेवून सांगावे.

महाराष्ट्राबाहेर मराठी चित्रपुस्तक हाताशी नसते, ही तक्रार खरी आहे. तरीही हिंदी, गुजराती अथवा इंग्रजी पुस्तक घरात असेल तर तेवढ्यासाठी अडून राहण्याचे कारण नाही. छापील ओळींवर कागदाची पट्टी लावावी आणि चित्राची गोष्ट मराठीत सांगावी. दुसऱ्या दिवशी सांगताना शब्द बदलू नयेत, कारण आदल्या दिवशी 'पाखडते' म्हटले होते हे मुलाच्या लक्षात असते, आणि ते हटकल्याशिवाय राहत नाही.